घोंगडी, किव्हियुत आणि सभासदत्व

मंडळी, द्वारका चौकातून धनगरांचे कळप जाताना आपण पाहिले आहेत. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं, आणि आपण हॉर्न वाजवतो. त्या मेंढरांच्या पाठीवरच्या लोकरीचं पुढं काय होतं, हे आपण विचारत नाही. बऱ्याचदा फेकून दिली जाते. कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही.

यावर उपाय म्हणून हल्ली अलास्काचं उदाहरण देतात. तिथल्या कस्तुरी-बैलाची आतली मऊ लोकर, किव्हियुत, फार महाग विकली जाते. तेव्हा दख्खनी लोकरीचेही उंची स्कार्फ करा, असा सल्ला. आम्हाला हा सल्ला चुकीचा वाटतो. किव्हियुत साधारण १२ ते १८ मायक्रॉनची. आपली लोकर जाडीभरडी, गळ्याला टोचणारी. ती चिंचोक्याची खळ लावून, खड्ड्याच्या मागावर विणून पावसात आणि थंडीत वापरायची वस्तू होते. तिचा टणकपणा हाच तिचा गुण. तो काढायला निघालात तर घोंगडी राहत नाही, स्कार्फही होत नाही.

अलास्कातून घ्यायचं ते वेगळंच आहे. १९६९ साली तिथं ऊमिंगमाक ही विणणाऱ्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. सभासद बाई घरी, मासेमारी-घरकाम सांभाळून, आपल्या सवडीनं विणते. गावागावाची नक्षी वेगळी. नुनिवाक बेटावरच्या मेकोर्युकची नक्षी हार्पूनच्या टोकाची. आणि एक गंमत, तिथले कस्तुरी-बैल एकोणिसाव्या शतकात संपलेच होते. १९३० च्या दशकात ग्रीनलंडमधून आणून ते पुन्हा वसवले. म्हणजे तीही 'अनादि परंपरा' वगैरे नव्हे, विचारपूर्वक उभी केलेली व्यवस्था.

मग आपल्याकडं नेमकं अडतं कुठं? मेंढपाळ धनगर, विणणारा सनगर, सूत कातणाऱ्या घरच्या बाया, आणि विकणारा चौथाच. प्रदर्शनात घोंगडीशेजारी फक्त विणकराचं नाव लागतं, तेही लागलं तर. कातणारीला सभासद कोण करून घेणार? शिवाय मटणाला भाव असल्यानं कमी लोकरीचा, मांसल माडग्याळ मेंढा कळपात येतोय. मेंढपाळाला त्यात दोष देता येणार नाही. लोकर घ्यायला कुणी वाड्यावर येतच नाही.

जागरणाला आपण घोंगडीच अंथरतो, बरं का. ती कुठून आणता, हा प्रश्न आज आम्ही सभागृहाला विचारतो. हात वर करा, कुणाला सांगता येईल?