न उघडलेल्या पुस्तकाचे परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण लिहायला पुस्तक वाचावेच लागते असे काही नाही. मी स्वतः आमच्या बँकेच्या वार्षिक अंकात अशी दोन-तीन परीक्षणे लिहिली आहेत आणि लेखकांचे आभाराचे फोनही आले आहेत. पण पुस्तक समोर आहे, वाचायची इच्छा आहे, आणि तरी ते उघडता येत नाही, असा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला तो न्यू जर्सीत.

गेल्या वर्षी आम्ही उभयता माझ्या धाकट्या बहिणीकडे, वर्षाकडे, महिनाभर राहायला गेलो होतो. तिसऱ्याच दिवशी पोहे पुढे ठेवताना ती म्हणाली, "दादा, तू बँकेत आहेस. तूच मन्याला समजाव आता."

मी बँकेत असल्यामुळे मला पैशातले कळते असा आमच्या नातेवाइकांचा जुना गैरसमज आहे. अहो, पैसे मोजणे आणि पैसे कळणे ही दोन अगदी वेगळी खाती आहेत! पण पोहे चांगले झाले होते. मी होय म्हटले.

प्रकरण असे होते, की मन्याच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी वर्षाने पैसे बाजूला ठेवले होते, आणि त्यातले काही हजार डॉलर मन्याला एका चित्रकथेच्या अंकासाठी हवे होते. १९७४ सालचा 'इन्क्रेडिबल हल्क', अंक १८१. मूळ किंमत २५ सेंट.

"मामा, ही की इश्यू आहे," मन्या म्हणाला.

मला वाटले, किल्लीचा काही घोटाळा आहे. मग त्याने समजावले. ज्या अंकात एखादा नायक किंवा खलनायक पहिल्यांदा अवतरतो, तो 'की'. त्या हल्कमध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा पुरता अवतरतो. म्हणजे आधीच्या, १८०व्या अंकाच्या शेवटच्या पानावर तो डोकावून जातो, पण ते धरायचे नाही. आमच्याकडेही साखरपुड्याला डोकावून गेलेला पाहुणा लग्नाला आला असे धरत नाहीत, त्यातलाच प्रकार.

मग त्याने आपला खजिना दाखवला. १९९१ सालचा 'न्यू म्यूटंट्स' ९८, किंमत एक डॉलर, त्यात डेडपूलचा जन्म. २०११ सालचा 'अल्टिमेट फॉलआउट' ४, किंमत ३.९९ डॉलर, त्यात माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन. सगळे अंक जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेट्यांत कायमचे बंद, आणि वर प्रत्येकाला गुण: ९.४, ९.६, ९.८. सन २००० पासून तिकडे एक कंपनी हे काम करते. अंक पाठवायचा, ती दहापैकी गुण देते आणि पेटीत बंद करून परत करते.

"गुण कशाला? गोष्टीला?"

"छे! कागदाला. कोपरे, घडी, रंग, पिना."

"आणि वाचायचा कसा?"

मन्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला खेळायला मागितले होते. "मामा, पेटी फोडली तर गुण गेले!"

आता सांगायला हरकत नाही, तिथे माझ्यातला कॅशियर जागा झाला. कागदाची अवस्था पाहणे हेच तर माझे आयुष्य! मळकी नोट, फाटकी नोट, हळदीची नोट, धोब्याकडून आलेली नोट. पिनांचे म्हणाल तर नोटांच्या गड्ड्यांना पिना मारून मारून आमच्या जुन्या कॅशियरांनी महात्मा गांधींनाही सोडले नव्हते. शेवटी रिझर्व्ह बँकेलाच पिनांवर बंदी घालावी लागली. पण आमचा नियम दयाळू आहे. पन्नासच्या वरची नोट फाटली आणि हातात ८० टक्क्यांहून मोठा तुकडा राहिला, तर पूर्ण पैसे. इथे कोपरा दुमडला की शेकडो डॉलर गेले.

आणि हल्क १८१ची आणखी एक गंमत. त्या काळी मार्व्हलवाले वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक चित्रतिकीट छापत आणि मुलांना सांगत, कापा आणि वहीत चिकटवा. मुलांनी आज्ञाधारकपणे कापली. आज गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते, "तिकीट आहे का?" नसेल तर किंमत धाडकन खाली. सांगितलेले ऐकणाऱ्या मुलांचे असे नुकसान जगात सगळीकडेच होते.

मी दोन दिवस मन्याच्या लॅपटॉपवर बसून अभ्यास केला. बी.कॉम.ला इतका केला असता तर आज अधिकारी असतो. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन अवतरला, तो १९३८ साली दहा सेंटला मिळत होता. २०२४ साली त्याची एक प्रत लिलावात साठ लाख डॉलरला गेली. हे वाचून कोणाचीही मती फिरेल. अमेरिकेत १९९०च्या सुमारास तशी ती फिरलीच होती. लोक एकाच अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन ठेवू लागले. १९९१ साली 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅनला मारला. अंक काळ्या पिशवीत बंद, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. सुतकाचे सामान कंपनीकडूनच! लोकांनी पिशवी न फोडता लाखांनी जपून ठेवला. मग बाजार कोसळला, दुकाने बंद पडली आणि १९९६च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो 'एक्स-मेन' अजूनही जुन्या अंकांच्या खोक्यात चिल्लर भावाने मिळतो.

समीक्षक म्हणून मला म्हणायचे आहे ते एवढेच. १९३८चा अंक महाग झाला, कारण कोणी तो जपला नाही. पोरांनी वाचला, फाडला, त्यावर दूध सांडले, युद्धात रद्दीत दिला. १९९१चा स्वस्त राहिला, कारण सगळ्यांनीच जपला. म्हणजे चित्रकथेला मोल येते ते वाचणाऱ्यांमुळे आणि हरवणाऱ्यांमुळे. जपणारा फक्त त्यांच्या निष्काळजीपणाचे व्याज खातो. आता सगळेच व्याज खायला बसले, तर मुद्दल कोणी वाचायची?

हे मी मन्याला जेवताना सांगितले. वर घरचा दाखला दिला. "आमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा हा एवढा गठ्ठा होता. मुंबईहून १९६४ पासून निघायची, १९९०ला बंद पडली. तुझ्या आईने तो रद्दीत घातला. आज त्यांना जे काही मोल आले असेल, त्यात तुझ्या आईचा वाटा आहे!"

वर्षा काही बोलली नाही. तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. पस्तीस वर्षे ती हा आरोप ऐकत आली आहे, आणि पस्तीस वर्षे तो खोटा आहे. गठ्ठा मीच विकला होता, बॅटच्या नव्या ग्रिपसाठी. पोरगा पैशाच्या बाबतीत खरे बोलावा म्हणून मला बसवलेले, आणि मीच खोटी नोट चालवतोय! घास घशात अडकला.

"मी विकला होता," मी म्हणालो.

"माहीत आहे," वर्षा म्हणाली. "रद्दीवाल्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. भाजी वाढू?"

मन्या खूप हसला. मग आत जाऊन एक अंक घेऊन आला. उघडा, बिनपेटीचा. 'स्पायडरमॅन इंडिया'चा पहिला अंक. "हा माझा वाचायचा आहे मामा. वाच."

वाचला. नायकाचे नाव पवित्र प्रभाकर. खेड्यातला गरीब मुलगा, शिकायला मुंबईत येतो, माया मावशी आणि भीम काकांकडे राहतो, आणि त्याला कोळ्याची शक्ती देतो एक योगी. अमेरिकेत किरणोत्सारी कोळी चावावा लागतो. आपल्याकडे योगी भेटला की भागते. हे मला थोडे सोपे वाटले. शिवाय हा स्पायडरमॅन धोतर नेसून उंच इमारतींवरून उड्या मारतो आणि काष्टा सुटत नाही. माझ्या मते खरी अद्भुत शक्ती ती हीच, पण लेखकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. मात्र भीम काका मरतात तिथे मी पान उलटायला थोडा वेळ लावला. मामा लोकांना असली पाने जड जातात.

फी वेळेवर भरली गेली. दिवाळीत मन्याचा फोन आला. त्याने आपल्या पार्टटाइम नोकरीच्या पैशातून हल्क १८१ घेतला होता. तिकीट कापलेला, कोपरे गेलेला, पाठीला घडी पडलेला, म्हणून परवडलेला.

"पेटीत घालणार?" मी विचारले.

"कशाला? कुणीतरी तिकीट कापून ठेवलंय. आता घाबरायचं काय!"

मग फोनवरून त्याने मला पहिले पान वाचून दाखवले. मध्ये मला नीटसे ऐकू येईना, कारण पलीकडे वर्षा त्याला ओरडत होती, की ते पुस्तक आधी जेवणाच्या टेबलावरून उचल.