रेवतीचे कुळ : रूपांतरित पात्र आणि त्याची सृष्टी

एका सृष्टीत जन्मलेले पात्र दुसऱ्या सृष्टीत नेताना त्याचे काय राखावे व काय टाकावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा नावे, पोशाख आणि खाणेपिणे यांच्या मराठीकरणापाशीच थांबते. गोविंद बल्लाळ देवल यांची रेवती या दृष्टीने अधिक विचार करावयास लावते. सदाशिव पेठेतील, १८९४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या भरत नाट्य संशोधन मंदिरासारख्या ठिकाणी संगीत नाटके पाहत आलेल्या प्रेक्षकाला ती इतकी आपली वाटते की, तिच्या परकेपणाचे स्मरणही त्याला उरत नाही.

मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’वरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ रचले. मर्फीवरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले व त्याचेच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. तिन्हींतील गाभ्याचा प्रसंग एकच : एक तरुणी मूर्च्छित होते, परका विवाहित गृहस्थ तिला सावरतो, त्याची पत्नी ते खिडकीतून पाहते आणि तरुणीजवळची तसबीर तिच्या हाती लागते. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित घरातली. तरीही ती उपवनात मोकळेपणी हिंडते व प्रियकराची तसबीर जवळ बाळगते. हे पुण्यात कसे घडावे? संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यावरून येथे रण माजून दोनच वर्षे झाली होती. कुलीन घरातील प्रौढ कुमारिका हीच मुळी दुर्मीळ. ती भर रस्त्यात एकटी दिसणे तर कल्पनेपलीकडचे. देवलांनी प्रसंग राखला आणि पात्राचे कुळ बदलले. रेवती नायकिणीची मुलगी झाली.

या एका फेरफाराने नाटकातील संशयाची जातच पालटली, असे आम्हांस वाटते. बेलिंडेविषयीचा संशय हा प्रियकराचा वैयक्तिक रोग आहे. रेवतीवर मात्र अश्विनशेटाच्या आधी समाजाने संशय घेऊन ठेवलेला आहे. त्याच्या मत्सराला आयते साक्षीदार मिळतात, आणि तिच्या मानीपणाला बेलिंडेच्या रुसव्याहून अधिक वजन येते. पित्याच्या आज्ञेचा जो अडसर मोलिएरने घातला होता, त्यालाही अशा घरात पूर्वीचे बळ राहत नाही.

अलीकडच्या भूमिकाप्रधान कल्पित-खेळांत हाच पेच खेळाडूपुढे उभा राहतो. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी १९९१ मध्ये ‘डार्क सन’ ही सृष्टी निघाली. तीत देव नाहीत आणि धातू दुर्मीळ आहे. पोलादी चिलखत घातलेला, देवाला वाहिलेला योद्धा तेथे आणावयाचा तर नुसते चिलखत उतरवून भागत नाही. त्याची निष्ठा कोणावर, हे नव्याने ठरवावे लागते. देवलांनीही रेवतीचे केवळ पातळ बदलले नाही.

उलट, सृष्टीही थोडी पात्रांकडे सरकवली. फाल्गुनराव, कृत्तिका, भादव्या ही नावे पंचांगातून उचललेली. त्यांना आडनावे नाहीत. ‘राव’ आणि ‘शेट’ एवढ्याच खुणांवर त्यांची प्रतिष्ठा उभी आहे. या किंचित अवास्तव जगात योगायोग खपून जातात.

रस्त्यावरील प्रसंगासाठी केलेली ही तडजोड १९१६ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात, अनपेक्षितपणे फळास आली. बालगंधर्वांच्या रेवतीने गावे, यासाठी वेगळे कारण शोधावे लागले नाही. तिच्या घरात गाणे होतेच.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. नायकिणीच्या मुलीला कुलवधू म्हणून कोण स्वीकारील, हा प्रश्न देवलांनी स्वतःच नाटकात आणला. प्रहसनाच्या ओघात त्याची बोळवण फार स्वस्तात होते. ‘शारदे’च्या कर्त्याकडून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे नाही. तथापि, आजच्या प्रेक्षकाला रुचावे म्हणून कोणी रेवतीला महाविद्यालयीन तरुणी करू पाहील, तर त्याने अश्विनशेटाच्या संशयाला आता कोणाचा आधार आहे, हे आधी दाखवून द्यावे.