१२८ बाइटांचे वृत्त

मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' रचले. त्यात ओठ मिटून उच्चारायची प-वर्गातील अक्षरे वर्ज्य. 'म'सुद्धा वर्ज्य, म्हणजे ज्याचे चरित्र सांगायचे त्या रामाचे नावच घ्यायचे नाही! अशा रचनेला 'पंडिती कसरत' म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. जुन्या गेम कन्सोलसाठी आजही हौसेने खेळ लिहिणाऱ्यांना, म्हणजे 'होमब्रू' प्रोग्रामरांना, हाच शेरा ऐकावा लागतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

१९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी २६०० या यंत्राची कार्यस्मृती १२८ बाइट होती. आजच्या प्रचलित पद्धतीने देवनागरी मजकूर साठवला तर एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ज्ञानेश्वरीतील एक पुरी ओवीही या स्मृतीत बहुधा मावणार नाही. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवण्याची तर सोयच नव्हती. टीव्हीतील इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक रेषा काढत खाली सरकतो. प्रत्येक रेषेवर काय उमटवायचे ते प्रोग्रामने त्याच क्षणी सांगायचे. एका रेषेसाठी प्रोसेसरला मिळतात अवघी ७६ आवर्तने. हिशेब चुकला की चित्र विस्कटते. मात्रा चुकली की वृत्त मोडते, तसेच.

मात्र एक फरक नजरेआड करून चालणार नाही. १९७७चा प्रोग्रामर या मर्यादेत अडकला होता, कारण स्मृती महाग होती. आजचा होमब्रूकार त्या मर्यादेत आपल्या पायांनी चालत जातो. २०१० साली एड फ्राइज यांनी याच अटारीसाठी 'हेलो २६००' हा खेळ ४ किलोबाइटमध्ये बसवला. हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या खेळ-विभागाचे माजी उपाध्यक्ष. एक्सबॉक्सच्या उभारणीच्या काळात ते त्या पदावर होते. त्यांना साधनांची वाण नव्हती. २०१३ साली स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. लादलेली अट आणि स्वीकारलेली अट यांत फरक असतो. दुसरीलाच आपण छंद म्हणतो. 'छंद' या शब्दाला वृत्त आणि आवड असे दोन्ही अर्थ आहेत, हे इथे ध्यानात घ्यावे.

तरीही सरसकट कौतुक नको. होमब्रूचा मोठा भाग जुन्या वा प्रसिद्ध खेळांच्या पुनर्रचनेत खर्ची पडतो, आणि 'हेलो २६००' त्याला अपवाद नाही. त्याचे कौशल्य वादातीत, पण त्याची कल्पना उसनी आहे. त्यापुढे २०१९चा 'मायक्रो मेजेस' ठेवून पाहावा. मॉर्फकॅट गेम्सने निन्टेन्डोच्या एनईएस यंत्रासाठी ४० किलोबाइटमध्ये तो बसवला आणि चार जणांना एकत्र खेळता येईल असा केला. जागा वाचवण्यासाठी चित्राचा अर्धाच भाग साठवायचा, उरलेला त्याचे प्रतिबिंब म्हणून काढायचा. काटकसरीतून आलेली ही समरूपताच त्या मनोऱ्यांचे रूप ठरवते. इथे अट अलंकार राहत नाही, आशय घडवते. माझ्या मते होमब्रूचा कस इथे लागतो.

दुसरा मुद्दा मालकीचा. अटारी २६००ला कुलूप नव्हते. कुणीही कार्ट्रिज बनवावे आणि लावावे. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या एनईएसमध्ये मात्र कुलपाची चिप होती. परवानगीवाचून बनवलेले कार्ट्रिज यंत्र नाकारी. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूत काय चालावे हे विकणाऱ्याने ठरवायचे, हा व्यवहार तिथून रुळला. नव्वदीच्या दशकात आपल्या घरांत आलेले 'टीव्ही गेम' हे निन्टेन्डोच्याच जपानी यंत्राच्या नकला होते. ते यंत्र बिनकुलपाचे होते. आपण त्यात हौसेने 'कॅसेटी' बदलल्या, पण आत काय लिहिले आहे हे विचारायची वाट आपल्याला कुणी दाखवली नाही.

होमब्रूकार तोच प्रश्न विचारतो. विकणाऱ्याने मोडीत काढलेले यंत्र तो वाचायला शिकतो आणि मग त्यात स्वतःची ओळ लिहितो. वाचकाने लेखक होणे याला आपण साहित्यव्यवहारात कधी कसरत म्हटलेले नाही.