मिसिसिपी जॉन हर्ट : हरवलं होतं कोण?

ब्लूज म्हटलं की आपल्याला कण्हणारा सूर आठवतो. जॉन हर्ट यांचा आवाज मात्र ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा. गिटारच्या खर्जाच्या तारांवर अंगठा आलटून पालटून ठेका धरतो, बाकीची बोटं चाल वाजवतात. एकट्याने गावचा नाच चालवायचा, तर ताल आणि सूर एकाच हातातून यायला हवेत. ही शैली आम्ही त्या गरजेतून आलेली मानतो.

हर्ट हे मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉनचे कृष्णवर्णीय शेतमजूर. गिटार लहानपणी आपलं आपणच शिकले. विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकासोबतही ते वाजवत. त्यांनीच ओके कंपनीला हर्ट यांचं नाव सुचवलं. १९२८ साली मेम्फिस आणि न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं. नावामागे 'मिसिसिपी' कंपनीने लावलं, खपासाठी. तबकड्या काही खपल्या नाहीत, महामंदी आली, हर्ट शेतावरच राहिले.

१९६३ साली टॉम हॉस्किन्स त्यांच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत ॲव्हलॉनला पोचले. त्याच वर्षी हर्ट न्यूपोर्टच्या महोत्सवात गायले. 'लव्हिन स्पूनफुल' या बँडने तर आपलं नावच त्यांच्या गाण्यातून घेतलं. १९६६ साली हर्ट गेले.

ही गोष्ट 'हरवलेला कलावंत सापडला' अशी सांगतात. आम्हाला हे पटत नाही. हर्ट गावातच होते, गावाला ठाऊक होते. हरवला होता तो बाजार. दोन्ही काळांतली ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐका: ठेक्याचा तोच मोकळेपणा, शब्दांची तीच जवळीक. मधली पस्तीस वर्षं कोरी कशी म्हणायची?

आता आपल्याकडे बघा. पेण-रोह्याकडे आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तिची तबकडी नाही म्हणून ती हरवलेली का? लग्नघरी विचारा, पत्ता सांगतील. पण एक फरक आहे, आणि तो जड आहे. हर्ट यांच्या गाण्याची तबकडी उरली, म्हणून माग काढता आला. धवलारीण गेली की मागे काय उरतं? फार तर कुणाच्या तरी मोबाइलमधलं बिननावाचं चित्रण.

तेव्हा ध्वनिमुद्रण जरूर करा. पण आधी तिला विचारा, तिचं नाव-गाव लिहा, हातावर मानधन ठेवा. आणि मग तिचं गाणं गाणं म्हणून ऐका. नुसतं 'जुनं ते' म्हणून नको.