आजचे गुण, उद्याचे गुण

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने ती मूल मोठे होऊन नावारूपाला आल्यावरच उच्चारली असावी. कर्तबगार माणसाचा पाळणा मागाहून शोधून काढणे सोपे असते. पण समजा, शंभर पाळणे रांगेने मांडलेले आहेत, प्रत्येकात दोन दोन पाय हलताहेत, आणि त्यांतले कोणते पाय पुढे कोठवर चालत जातील हे आजच सांगून त्यावर पदरचे लाखो रुपये लावायचे आहेत. मग म्हण सांगणाराची जीभ जरा अडखळेल. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात नेमका हाच उद्योग गेली शंभर वर्षे चालला आहे. त्यावर मायकेल लुइस या लेखकाचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक 2003 साली निघाले, 2011 साली त्याचा चित्रपटही झाला, आणि ज्यांनी जन्मात बेसबॉल पाहिला नाही अशांनीही ते वाचले. पुस्तक वाचनीय आहे यात वादच नाही. परंतु ते ज्या प्रश्नाला हात घालते त्याच्या निम्म्या भागावरच ते थांबते, असे माझे मत झाले आहे.

प्रथम खेळाची तोंडओळख. क्रिकेट जाणणाऱ्या घरात ती चार ओळींत होते. पिचर टप्पा न पाडता चेंडू फेकतो, फलंदाज तो गोल दांड्याने टोलवतो, आणि चौकटीच्या कोपऱ्यांवरची ठाणी एकामागून एक गाठत मूळ जागी परतला की एक धाव होते. पिचरचे चार चेंडू मर्यादेबाहेर गेले आणि फलंदाज त्यांच्या मोहात पडला नाही, तर त्याला पहिले ठाणे फुकट मिळते. हे फुकटचे ठाणे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचे सारे महाभारत त्यावरून आहे.

वरच्या दर्जाचे संघ तीस. प्रत्येकाच्या हाताखाली लहान संघांची एक उतरंड असते. 2021 च्या फेररचनेत दर संघामागे चार, म्हणजे एकूण 120 लहान संघ ठरवण्यात आले. त्यांच्याही खाली अगदी कोवळ्या पोरांची पथके असतात. शाळा-कॉलेजातून निवडलेला मुलगा तळाच्या मडक्यात पडतो आणि वरच्या मडक्याकडे डोळे लावून बसतो. ही पद्धत सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा कारभारी ब्रँच रिकी याने 1920 नंतरच्या दशकात रुजवली. तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा गाठीला नव्हता, म्हणून त्याने बी आणून घरच्या घरी पेरायचे ठरवले. रिकी ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या या पद्धतीला ‘फार्म’, म्हणजे शेत, हे नाव पडले ते शोभलेही. हाच रिकी पुढे ब्रुकलिन संघाकडे गेला. वर्णभेदाची भिंत पाडण्यासाठी त्याने जॅकी रॉबिन्सनला निवडले, तेव्हा त्यालाही 1946 चा हंगाम माँट्रिअलच्या हाताखालच्या संघात काढायला लावले, आणि मगच 15 एप्रिल 1947 रोजी तो वरच्या मैदानात उतरला. इतिहास घडवणाऱ्या रोपालासुद्धा वर्षभर वाफ्यात राहावे लागले.

आता पीक कसे जोखतात ते पाहू. गावोगाव हिंडून मुले हेरणारे जे लोक असतात त्यांना तिकडे स्काउट म्हणतात. आपण पारखी म्हणू. फलंदाजाच्या बाबतीत हे पारखी पाच गुण पाहतात : चेंडूला नेमकी बॅट लावणे, टोल्यातली ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. गुण 20 ते 80 या मोजपट्टीवर देतात. 50 म्हणजे वरच्या दर्जाच्या सर्वसाधारण खेळाडूइतका. 80 म्हणजे क्वचित दिसणारा चमत्कार. मात्र या मोजपट्टीत खरे मर्म निराळेच आहे. पारखी प्रत्येक गुणासाठी दोन आकडे लिहितो, एक आजचा आणि एक उद्याचा. अठरा वर्षांचा काटकुळा पोरगा असेल, तर त्याच्या ताकदीला आज 30 आणि पुढे 55 असे गुण पडू शकतात. खांदे रुंद आहेत, हाडपेर मोठे आहे, मांस अजून चढायचे आहे, हे पाहून दुसरा आकडा पडतो. मी पेशाने शाळामास्तर आहे. आजवर हजारो गुणपत्रिका भरल्या, पण उद्याच्या गुणांचा रकाना त्यांत कधी पाहिला नाही. म्हणून या दुसऱ्या आकड्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

लहान संघांतल्या कामगिरीचे आकडेही जपून वाचावे लागतात. त्याच पायरीवर एकोणीस वर्षांचा मुलगा आणि पंचवीस वर्षांचा गडी सारख्याच धावा करतात, पण त्या धावांचा अर्थ सारखा नसतो. पहिला आपल्याहून थोरांशी झुंजतो आहे. दुसरा कदाचित धाकट्यांच्या वर्गात पहिला आला आहे. न्यू मेक्सिकोतले अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि साधा फलंदाजही भीमासारखा दिसू लागतो. तेव्हा मुलाने किती केले याबरोबर कोणत्या वयात, कोणासमोर आणि कोणत्या हवेत केले, हेही विचारावे लागते.

आता लुइसच्या पुस्तकाकडे वळू. त्याचा नायक बिली बीन. उंच, देखणा, चपळ. पारख्यांच्या वहीतले पाचही गुण अंगी असलेला. 1980 साली न्यू यॉर्क मेट्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत उचलले. स्टॅनफर्डसारख्या नामांकित विद्यापीठाचे दार उघडे असताना तो सव्वा लाख डॉलर घेऊन खेळात शिरला. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याची फलंदाजी बरीच घसरली होती. पण पारख्यांना त्याचा देह दिसत होता, त्यामुळे आकड्यांकडे कोणी पाहिले नाही. वरच्या दर्जाचे अवघे 148 सामने त्याच्या वाट्याला आले, आणि त्यांतही तो चमकला नाही. अपयश त्याला पचवता येत नसे. बाद झाला की त्याचा संताप त्यालाच गिळून टाकी. लेनी डायक्स्ट्रा हा बुटका सोबती मात्र समोर केवढा थोर पिचर उभा आहे याची दखलही न घेता बिनघोर खेळे. हा गुण पाचांत कोठेच नव्हता. बीनच्या अधःपाताची ही प्रकरणे पुस्तकातली सर्वांत सरस आहेत. कादंबरीकाराने हेवा करावा इतक्या संयमाने लुइसने ती लिहिली आहेत.

पुढे बीन ओकलंड संघाचा कारभारी झाला आणि ज्या नजरेने आपला घात केला त्या नजरेवरच त्याने सूड उगवला. देह पाहू नका, वही पाहा. मुलगा मैदानात शोभतो की नाही ते विचारू नका, तो किती वेळा ठाण्यावर पोचतो ते विचारा, असा त्याचा खाक्या. फुकटच्या ठाण्याला बाजारात भाव नव्हता, म्हणून ते स्वस्तात मिळत होते. 2002 साली ओकलंडने यांकी संघाच्या सुमारे एकतृतीयांश पगारखर्चात 103 सामने जिंकले, त्यांतले वीस ओळीने. त्याच वर्षीच्या निवडीत बीनने 35 व्या क्रमांकावर जेरेमी ब्राउन नावाचा कॅचर घेतला. हा मुलगा लठ्ठ, पारख्यांच्या चेष्टेचा विषय. पण वाईट चेंडूला हात न लावण्यात पटाईत. पुस्तकाचा शेवट त्याच्यावरच आहे. शिबिरातल्या एका सामन्यात ब्राउन चेंडू टोलवतो, धावताना घसरून पडतो, आणि सारे हसत असताना त्याला कळते की चेंडू केव्हाच कुंपणापार गेला आहे.

शेवट सुरेख आहे, आणि माझी तक्रार तेथूनच सुरू होते. तो शेवट लेखकाने निवडलेला आहे. काळाने पुढची पाने निराळी लिहिली. ब्राउन वरच्या दर्जाचे पाच सामने खेळला, 2006 साली, आणि 2008 च्या आरंभी त्याने खेळ सोडला. त्या वर्षी ओकलंडने आरंभीच्या क्रमांकांवर जी सात मुले निवडली, त्यांत स्विशर, ब्लँटन आणि टीहेन यांनी वरच्या मैदानांवर बरीच वर्षे काढली. तिघे तिथे पोचलेच नाहीत. सातवा हा ब्राउन. शाळेतून थेट पिचर उचलणे म्हणजे जुगार, असे पुस्तक ठासून सांगते. पण त्याच निवडीत इतरांनी शाळेतूनच उचललेले ग्रिंकी, हॅमल्स आणि केन हे तिन्ही पिचर पुढे फार मोठे झाले. याचा अर्थ वही खोटी आणि डोळा खरा असा नव्हे. डोळ्याने बीनच्या बाबतीत चूक केली, वहीने ब्राउनच्या बाबतीत केली. चुकण्याचा मक्ता एकट्या कोणाकडे नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ओकलंडच्या त्या 103 विजयांमागे हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन पिचर होते, तेहाडा आणि चाव्हेझ हे दोन फलंदाज होते. झिटो त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर ठरला, तेहाडा सर्वांत मोलाचा खेळाडू. हे पाचही जण ओकलंडच्या स्वतःच्या शेतात वाढलेले. चाव्हेझ तर शाळेतूनच घेतलेला, आणि तेहाडा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या दारिद्र्यातून अल्प पैशांत आणलेला पोरगा. या पाचांवर पुस्तकात फारसे लक्ष नाही. लुइसला निवडीच्या दिवसाचे आकर्षण आहे. बंद खोलीतले वाद, टेलिफोन, नावांचे फलक, यांत नाट्य आहे. रोप वाढताना पाहणे कंटाळवाणे, म्हणून त्याने ते वगळले. परंतु पीक तर तिथेच येते.

माइक पियाझाचेच पाहा. 1988 साली डॉजर्स संघाने त्याला 62 व्या फेरीत घेतले, आणि तेही संघाचा व्यवस्थापक लासोर्डा याच्या घरोब्यामुळे. त्याच्या आधी 1389 मुलांची नावे पुकारली गेली होती. डोळ्यानेही त्याला नाकारले होते आणि वहीनेही. मग त्याला कॅचर करायचे ठरले. तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या संघाच्या प्रशिक्षणकेंद्रात जाऊन राहिला, नवे काम अंगवळणी पाडले, आणि पायरी पायरीने वर चढला. 2016 साली तो खेळाच्या सन्मानमंदिरात गेला. त्याला कोणी शोधून काढले असे म्हणता येत नाही. तो तिथे घडला.

आपल्याकडची एक कथाही अशीच अर्ध्यावर सोडलेली आहे. 2008 साली ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केले. दोघांनी तोवर बेसबॉल हातात धरलेला नव्हता. स्पर्धेत यंत्राने मोजला तो मुख्यतः फेकीचा वेग. 2014 च्या चित्रपटात निवड झाली की टाळ्या पडतात आणि दिवे लागतात. खरी गोष्ट त्यापुढे होती : अनोळखी देश, तळाची पायरी, रोजची मेहनत. दिनेशला संघाने 2010 साली मोकळे केले. रिंकू आणखी वर चढला, पण हाताच्या दुखण्याने त्याची वाट अडवली, आणि अखेर तो कुस्तीच्या व्यवसायी रिंगणात गेला. त्यांचे काही चुकले असे मी मानत नाही. एका यंत्राने एका दिवशी एका गुणाचा आकडा सांगितला होता. उरलेले शेतातच कळायचे होते.

या शेताचे गोडवे गाताना त्यातल्या रोपांना पाणी किती मिळत होते हेही सांगितले पाहिजे. बहुसंख्य मुले वरच्या मैदानापर्यंत कधीच पोचत नाहीत. तारुण्याची वर्षे मात्र सगळ्यांचीच खर्च होतात. 2023 साली या खेळाडूंचा पहिला सामुदायिक करार झाला. त्यापूर्वी सर्वांत वरच्या लहान संघात वर्षाला 17,500 डॉलर मिळत. करारानंतर ते 35,800 झाले. तळाच्या पायरीवर तर 4,800 होते, ते 19,800 वर गेले. ज्यांच्या उद्यावर संघ कोट्यवधी डॉलरांचे अंदाज बांधत होते, त्यांचे आजचे जेवण महाग पडत होते. या बाबतीतही ‘मनीबॉल’ गप्प आहे. पैशावरच्या पुस्तकात हे मौन खटकते.

तरीही हे पुस्तक वाचावे, असेच मी सांगेन. रुबाबदार चेहऱ्याला भुलू नये हा त्याचा धडा लाखमोलाचा आहे. फक्त त्याच्या जोडीला पारख्याची ती वही ठेवावी, ज्या वहीला लुइस हसतो. तिचा एक नियम मला मोलाचा वाटतो : पारखी पुढच्या हंगामात पुन्हा येतो, पुन्हा पाहतो, आणि आपला दुसरा आकडा बदलतो. गेल्या वर्षी 55 लिहिले म्हणून यंदा 40 लिहायला तो लाजत नाही. 40 चे 60 करायलाही कचरत नाही.

दिवाळीच्या सुटीत हा अंक ज्या घरांत उघडला जाईल, त्यांतल्या अनेक घरी सहामाहीचा निकाल नुकताच आला असेल किंवा यायचा असेल. त्यावरचे आकडे खरेच असतात. मास्तर मंडळी ते उगाच देत नाहीत. पण ते आजचे आकडे असतात. त्यांच्या शेजारी दुसरा रकाना आखून घ्यावा, तो पेन्सिलीने भरावा, आणि खोडरबर हाताशी ठेवावा.