'म्हणून' आणि 'जे–ते' : शालेय जीवशास्त्राच्या वाक्यरचनेविषयी

शालेय जीवशास्त्राच्या मराठीवर आजवर जी टीका झाली, तिचा रोख बहुतांशी परिभाषेच्या क्लिष्टतेवर राहिला आहे. हा आक्षेप जुना आहे आणि फारसा सखोल नाही. दहावीचा विद्यार्थी 'आनुवंशिकता' हा शब्द आठवड्याभरात पचवितो. न पचणारे जे काही उरते ते वाक्यात उरते, आणि उत्क्रांतीच्या प्रकरणात ते सर्वांत ठळकपणे दृष्टीस पडते.

शब्दांचा दोष मुळीच नाही, असे मात्र नव्हे. 'उत्क्रांती' हा शब्द वेदान्तात जीवाने देह सोडून निघून जाणे या अर्थी रूढ होता. मराठीने तो नव्या अर्थाने पत्करला. बंगालीने 'विवर्तन' स्वीकारले, हिंदीने 'विकास' व 'क्रमविकास'. मराठी शब्दातील 'उत्' हा उपसर्ग ऊर्ध्वगतीचा भास निर्माण करतो, आणि 'क्रांती की उत्क्रांती' या राजकीय वादाने तर त्याला 'सावकाश होणारी प्रगती' हा अर्थ कायमचा चिकटविला. परपोषी जीवन जगता जगता स्वतःची अन्ननलिकाच गमावून बसलेला पट्टकृमी हाही उत्क्रांतीचाच परिपाक होय, हे या शब्दातून सुचत नाही. इंग्रजी संज्ञाही निर्दोष नाही. तिच्या मुळाशी गुंडाळी उलगडण्याची लॅटिन कल्पना आहे, आणि डार्विनने 'ओरिजिन'च्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत ते नाम योजलेच नव्हते. ते 1872 च्या सहाव्या आवृत्तीत आले.

'नैसर्गिक निवड' या संज्ञेत निवडणारा कोण, हा प्रश्न वॉलेसने 1866 मध्येच डार्विनपुढे मांडला होता. त्याच्या सूचनेवरून स्पेन्सरची 'योग्यतम ते टिकतात' या आशयाची संज्ञा डार्विनने 1869 च्या आवृत्तीत घेतली. मराठी वर्गात मात्र तिचे रूपांतर 'बळी तो कान पिळी' असे होऊन बसते. वास्तविक मराठी 'निवडणे' हे क्रियापद येथे इंग्रजीहून सरस आहे. तांदूळ निवडणारी गृहिणी उत्तम दाणा शोधीत नाही, ती खडे काढते. आणि निसर्गातही पुष्कळसे काम काढून टाकण्याचेच असते. हात तेवढा वजा केला पाहिजे.

तो हात वाक्यातून पुन्हा शिरतो. 'उंच झाडाचा पाला खाता यावा म्हणून जिराफाची मान लांब झाली' या वळणाचे वाक्य वर्गावर्गांतून ऐकू येते. 'म्हणून' हे अव्यय 'म्हणणे' या धातूपासून निघाले आहे. भूतकाळी क्रियापदापुढे ते कारण दाखविते: 'पाऊस आला म्हणून छत्री उघडली'. विध्यर्थापुढे आले की हेतू दाखविते: 'भिजू नये म्हणून छत्री उघडली'. दुसऱ्या रचनेत तसे म्हणणारे कोणीतरी मन गृहीत असते. जिराफाच्या वाक्यातही ते गृहीत धरले जाते, आणि डार्विनच्या प्रकरणात त्याने नाकारलेला हेतू व्याकरणाच्या आडवाटेने आत येतो. 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नप्रकाराने या घोटाळ्याला परीक्षेचे संरक्षण दिले आहे. कारण विचारले जाते, हेतू लिहिला जातो आणि गुण मिळतात.

यावरचा उपाय मराठीच्या घरातच आहे. 'ज्यांच्या माना जन्मतः किंचित लांब होत्या त्यांना पाला अधिक मिळाला. जे जगले त्यांची पिल्ले वाढली.' 'जे–ते' ही संबंधी रचना स्वभावतःच समूहातून काही वेगळे काढते आणि काढणारा कोण हे सांगावे लागत नाही. नैसर्गिक निवडीला याहून नेमके व्याकरण सापडणे कठीण. प्रश्न केवळ जिराफाचा असता तर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. 'जंतूंना औषधाची सवय झाली' असे सुशिक्षित घरांतूनही बोलले जाते. सवय एकेका जीवाला होते, आणि येथे बदलली ती जंतूंची वस्ती. 'जे जंतू औषधाला दाद देत नव्हते, तेच उरले व वाढले' हे वाक्य ज्याला शाळेत मिळाले नाही, त्याला प्रतिजैविकांचा अनिर्बंध वापर का घातक ठरतो हे उमगणे अवघड जाते.

शरीराच्या नियमनाच्या प्रकरणात तोच 'म्हणून' इतका अपराधी नाही. 'अंग तापू नये म्हणून घाम येतो' या वाक्यामागे खरोखरीची यंत्रणा आहे: हायपोथॅलॅमस सुमारे 37 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान राखतो व विचलन झाले की घर्मग्रंथींना चालना देतो. येथे 'झाले की' ही रचना अधिक उपयुक्त ठरते. रक्तातील साखर वाढली की इन्शुलिन स्रवते, घटली की ग्लुकागॉन. 'समस्थिती' या शब्दातील स्थिरतेआड ही अखंड हालचाल लपून जाते; 'की' ती उघडी करतो. घामाचा 'म्हणून' आणि मानेचा 'म्हणून' यांतला भेद एकाही स्वाध्यायात विचारला जाऊ नये, हे आश्चर्य आहे.

प्रजननाविषयी थोडक्यात सांगता येते. 'पुनरुत्पादन' या शब्दाला कारखान्याचा वास येतो. मारुती चितमपल्लींसारख्या लेखकांनी पक्ष्यांच्या विणीची भाषा ग्रंथांत आणली, तिचा मागमूस शालेय पाठांत क्वचितच लागतो. परिसंस्थेच्या पाठात 'भक्षक' हा शब्द अधिक खटकतो. टॅन्सलीने 1935 मध्ये मांडलेल्या कल्पनेत ऊर्जा व द्रव्य यांच्या देवघेवीला महत्त्व आहे. मराठी पाठात गवत खाणारा नाकतोडा 'प्राथमिक भक्षक' ठरतो. 'रक्षक–भक्षक' ही जोडी कानांत बसलेल्या मुलाला त्यात दुष्टावा ऐकू येतो, आणि शेळी व वाघ एकाच आरोपाखाली उभे राहतात. 'खाणारा' हा साधा शब्द तेथे पुरेसा होता.