युदिथची तलवार आणि सुलतानाचे स्वप्न

कथाकादंबऱ्यांतील पराक्रमी नायिकांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. अशा स्त्रिया प्रत्यक्षात नसतात, ही केवळ मनोराज्ये होत आणि त्यांनी मुलींची मने बिघडतात, असे काहींना वाटते. उलट, नायिकेच्या हाती तलवार आली की साहित्याने स्त्रीला न्याय दिला, असे दुसरे काही जण मानतात. हे दोन्ही अभिप्राय घाईचे आहेत. स्त्री किती बलवान दाखविली आहे, यापेक्षा तिचे बळ कशातून येते आणि कोणाच्या कामी पडते, हे समीक्षकाने पाहावयास हवे. त्यासाठी एकमेकींपासून दूर असलेल्या दोन कथा येथे विचारात घेऊ.

पहिली कथा आपल्याच बायबलमधील आहे. युदिथचा ग्रंथ १५४६ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने पवित्र शास्त्राचा भाग म्हणून पुन्हा निश्चित केला. प्रॉटेस्टंट बंधू मात्र तो मूळ संहितेत धरीत नाहीत. या ग्रंथात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर निनवेत राहून अश्शूरांवर राज्य करताना दिसतो. इतिहासाशी न जुळणारे असे तपशील पाहून आजचे बहुतेक कॅथलिक अभ्यासक या ग्रंथाला बोधकथा मानतात. थोडक्यात, जिला आपण आज कल्पित साहित्यातील समर्थ स्त्री म्हणतो ती आपल्या शास्त्रात दोन हजारांहून अधिक वर्षे उभी आहे.

सोळा अध्यायांच्या या ग्रंथात नायिकेचा प्रवेश आठव्या अध्यायात होतो. तोपर्यंत सारे रंगस्थळ राजे, सेनापती आणि वडीलधारे यांनी व्यापलेले असते. होलोफर्नेसने बेथुलियाचे पाणी तोडले आहे, लोक तहानेने व्याकूळ आहेत, आणि नगरप्रमुख उज्जिया पाच दिवसांत देव धावून आला नाही तर शरण जाण्याचे वचन देऊन मोकळा होतो. अशा वेळी युदिथ ही विधवा वडीलधाऱ्यांना आपल्या घरी बोलावून घेते आणि देवाला मुदत घालून देणारे तुम्ही कोण, असा जाब विचारते. माझ्या मते ग्रंथाचा कळस येथे आहे. होलोफर्नेसचा शिरच्छेद ही पुढची, तुलनेने सोपी गोष्ट.

उज्जियाचे उत्तरही लेखकाने मोठ्या मार्मिकपणे योजले आहे. तिचे बोलणे खरे आहे हे तो मान्य करतो, तिच्या शहाणपणाची वाखाणणी करतो, आणि शेवटी सुचवितो की, तू धर्मशील स्त्री आहेस, तेव्हा आमच्यासाठी पावसाची प्रार्थना कर! स्त्रीच्या बुद्धीला मान द्यायचा, पण निर्णयात वाटा द्यायचा नाही, ही युक्ती किती जुनी आहे पाहा. युदिथ प्रार्थना करते, परंतु पावसासाठी नव्हे. आपल्या विधवेच्या हाताला बळ यावे म्हणून. तिची भक्ती कृतीच्या आड येत नाही. कृतीचा उगमच त्या भक्तीत आहे.

तिने शत्रूला मोहात पाडले, असत्य सांगितले, हा आक्षेप टाळून चालणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा विचार करून म्हटले आहे की, तिची स्तुती असत्यासाठी होत नाही. लोकांना वाचविण्याच्या इच्छेने तिने स्वतःला संकटात लोटले, त्यासाठी होते. हा खुलासा मोलाचा आहे, तरी वाचकाची अस्वस्थता पुरती शमत नाही, आणि शमूही नये. शस्त्र नसलेल्यांना कोणते मार्ग उरतात, हा प्रश्न ती अस्वस्थताच जागा ठेवते.

दुसरी कथा रुकैया सखावत हुसेन यांची. ‘सुलतानाज् ड्रीम’ ही त्यांची इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. तिच्यातील स्त्रीराज्यात पुरुष पडद्याआड आहेत आणि स्त्रिया विद्यापीठे चालवितात, मेघांतून पाणी घेतात, सूर्याची उष्णता साठवितात. पुरुषांचे सैन्य हरल्यावर याच उष्णतेच्या झोताने त्या शत्रूला पळवून लावतात. हे उघड मनोराज्य आहे. कोंडलेला बदलला, कोंडणे राहिलेच. त्या अर्थी हे न्याय्य जग नव्हे. पण लेखिकेने हा आरसा मुद्दाम उलटा धरला आहे. पुरुषाला कोंडणे हास्यास्पद वाटत असेल, तर स्त्रीला कोंडणे स्वाभाविक का वाटावे?

या कथेतील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. ते युद्ध राज्यविस्तारासाठी होत नाही. शेजारच्या देशातून पळून आलेल्या आश्रितांना राणी परत पाठवीत नाही, म्हणून ते ओढवते. तिचे सामर्थ्य परक्याला आसरा देण्यात प्रकट होते. लेखिकेचे स्वप्नही कागदावर राहिले नाही. १९११ साली तिने कलकत्त्यात मुलींची शाळा चालू केली.

युदिथच्या कथेचा शेवटही असाच बोलका आहे. विजयानंतर ती सिंहासन मागत नाही. स्त्रिया तिच्याभोवती जमतात, ती त्यांच्या हाती डहाळ्या देते आणि नृत्यात सर्वांच्या पुढे चालते. पुरुष मागून येतात. पुढे ती आपल्या घरी परतते, पुनर्विवाहाच्या मागण्या नाकारते आणि मृत्यूपूर्वी आपल्या दासीला मुक्त करते. जिने मस्तक पिशवीतून वाहून आणले त्या निनावी दासीचा विसर लेखकाला पडत नाही.

समर्थ नायिकेची कसोटी मला येथे सापडते. तिच्या विजयाने दुसरी कोणी मोकळी झाली काय? ज्या कथेत नायिका एकटीच उंच होते आणि बाकीच्या स्त्रिया तिच्या तेजाला उठाव देण्यापुरत्या मूर्ख वा मत्सरी रंगविल्या जातात, ती कथा तलवारीसकट दुबळी समजावी.

युदिथच्या गौरवाचे शब्द ख्रिस्तसभा पवित्र मरियेच्या उपासनेत वापरते. ते आपल्या कुटुंबांत श्रद्धेने ऐकले जातात. पण त्याच कुटुंबांतील मुलीने वडीलधाऱ्यांच्या चुकीवर बोट ठेवले, तर तिला उद्धट ठरविले जाते. आपल्या मुलींच्या हाती हा ग्रंथ जरूर द्यावा. आणि तो वाचून त्यांनी प्रश्न विचारला, तर त्यांना पावसाची प्रार्थना करावयास पाठवू नये.